एका कातड्याची दोन होल्स्टरं

किन्हीराजा,
ता. १८ सप्टेंबर १९७७

रतनसिंगभाऊ,

जय भीम. हे अक्षर तुम्ही कधी पाहिलेलं नाही, म्हणून आधी नाव सांगते. मी इंद्रभान हवालदारांची बायको, भागिरथा. पत्र फाडायचं असेल तर दुसरं पान वाचून फाडा. काम तिथे आहे.

तुम्ही मला ओळखायचात तेव्हा मी अंगठा करत होते. नंतर शिकले. कोणी शिकवलं नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागद आणि विहारात येणाऱ्या पुस्तिका, दोन्ही अक्षर अक्षर लावत वाचले. आता रविवारी विहारात बायकांना पेपर वाचून दाखवते. त्यामुळे पुस्तकासारखं लिहिते. बोलते अजून पहिल्यासारखीच.

हवालदार तीन वर्षांपूर्वी गेले, ऑगस्टात, काविळीने. तुम्हाला कळलं असेलच. तुमच्याकडून कोणी आलं नाही, आणि कोणी यावं असं आम्ही काही ठेवलंही नव्हतं.

आता काम. आमची वच्छला तुम्हाला आठवत असेल. चांदमारीच्या मैदानावर तुमच्या दोघांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचायची ती. आता बावीस वर्षांची आहे आणि अकोल्याला पोलीस मुख्यालयात शिपाई आहे. येत्या जानेवारीत जिल्ह्याच्या सामन्यांत महिला शिपायांसाठी पहिल्यांदाच रिव्हॉल्व्हरचा सामना ठेवला आहे. नुसता उभं राहून नेम धरण्याचा नाही, तुम्ही दोघं खेळायचात तसला. शिटी वाजली की होल्स्टरमधून काढायचं, दोन गोळ्या, पळत पोत्यांच्या आडोशाला, गुडघा टेकून दोन, शेवटच्या दोन डाव्या हाताने. नेम तिचा चांगला आहे, वडिलांचा आहे. पण काढायचं कसं आणि पळून आल्यावर श्वास कुठे सोडायचा, हे तिथे शिकवणारं कोणी नाही. ते येणारी या भागात दोनच माणसं होती. एक गेलं.

तुमच्या आसेगावहून अकोल्याला एस.टी. जाते. महिन्यातले दोन रविवार तुम्ही दिलेत तर पोरीचं भलं होईल. मी लिहिते आहे हे तिला ठाऊक नाही.

आणखी एक, सहज विचारते. तिने वडिलांचं जुनं होल्स्टर सामन्यासाठी नेलं आहे. तुम्ही दोघांनी कारंज्याच्या कारागिराकडून एका कातड्यातून दोन करून घेतली होती, त्यातलं. त्याचं तोंड सैल पडलं आहे. तेलाने मऊ झालेलं चामडं परत कडक होतं का?

घरी नानीबाईंना नमस्कार सांगा.

भागिरथा

*

किन्हीराजा,
ता. ९ ऑक्टोबर १९७७

रतनसिंगभाऊ,

तुमचं कार्ड पोचलं. तीनच वाक्यं आहेत, पाठ झाली. ‘मी सोडून दहा वर्षं झाली. मुलीला सरकारी होल्स्टर वापरू द्या. तेल प्यालेलं चामडं परत येत नाही.’ खाली सहीसुद्धा नाही. तरी उत्तर दिलंत.

वच्छला आठ दिवसांच्या रजेवर आली होती. मुख्यालयाचं रिव्हॉल्व्हर घरी आणता येत नाही, म्हणून तिने सुताराकडून बाभळीच्या लाकडाचं करून घेतलं आहे. नळीत शिसं ओतून वजन खऱ्याइतकं केलं. सकाळी अंगणात कमरेला पट्टा बांधून उभी राहते, मी पितळी ताटावर चमचा मारते, तीच शिटी. ती काढते, दोनदा ‘ठक्’ म्हणते आणि गोठ्याकडे पळते. शेजारची लिलाबाई कुंपणावरून पाहत असते. म्हणाली, “अवं वच्छला, लाकडाचं पिस्तूल घेऊन कोनावर धावून राह्यली? माह्या घरच्यावर धाव जरा, सकाळपासून बाजेवरून उठला नाही.” वच्छला हसली. वडील गेल्यापासून तिला अशी मोठ्याने हसताना मी फार थोड्या वेळा ऐकलं आहे.

पण दहा वेळा काढलं की चार वेळा अडकतं. होल्स्टरचं तोंड आत दबतं, नळीच्या टोकाची नेमाची माशी त्यात रुतते आणि रिव्हॉल्व्हरसोबत होल्स्टरही वर येतं. मी बसल्या जागेवरून पाहते.

तुमचं कार्ड मी पेटीत ठेवलं होतं. तिला ते सापडलं.

“माय, तू त्याले पत्र लिवलं?”

“लिवलं.”

“काहून? ज्यानं बाबाच्या होल्स्टरमधी तेल ओतलं त्याले? दुनियेत दुसरा मानूस नाही का?”

“हे काम येनारा नाही.”

“मंग मी बिनाशिकल्याची जाईन. पन बाबाचंच होल्स्टर लावून जाईन. त्याच मैदानावर.”

मी म्हटलं, सरकारी होल्स्टर लाव, हे अडकतं. तर म्हणाली, “होल्स्टर नाही अडकत माय, माहा हात खराब हाये. बाबा याच्यातूनच डोळ्याचं पातं लवायच्या आत काढत. मले दम नाही, एवढंच.” आणि मग उन्हं डोक्यावर येईपर्यंत काढत राहिली. अंगठ्याची कातडी निघाली. हळद लावायला गेले तर हात ओढून घेतला.

तिला तिच्या वडिलांची वही पाठ आहे. त्यात त्यांनी सगळं लिहून ठेवलं आहे. सामन्याच्या आदल्या दिवशी काय खायचं, पाण्याचा तांब्या हात लांब करून किती वेळ धरायचा, पट्टा कोणत्या भोकात. आणि सतरा डिसेंबर सदुसष्टच्या पानावर एकच ओळ. ती तुम्हाला सांगायला नको.

यावेळी काही मागत नाही. एवढंच कळवायचं होतं की पोरगी स्वतःच्या हाताला दोष देते आहे.

भागिरथा

*

किन्हीराजा,
ता. ३० ऑक्टोबर १९७७

रतनसिंगभाऊ,

हे पत्र मी तीनदा लिहून चुलीत घातलं. हे चौथं. हे टाकूनच येणार आहे.

ते तेल मी घातलं होतं.

आता सविस्तर लिहिते, नाहीतर तुम्हाला वाटेल की पोरीसाठी काहीतरी रचते आहे. त्या सामन्याच्या आधी हवालदार पाच दिवस घरी होते. होल्स्टर खुंटीला होतं. मी हात लावून पाहिला तर लाकडासारखं कडक. माझे वडील मालकाच्या मोटेवर होते. पाऊसपाणी संपलं की ते मोटेचं चामडं कोमट एरंडेलाने चोळत, आणि मी लहान असताना खालची सोंड चोळायचं काम माझ्याकडे असे. न चोळलेली मोट तडकते आणि मालक मजुराला बोलतो. मला चामड्याचं एवढंच शिक्षण. कडक चामडं म्हणजे कोणी काळजी न घेतलेलं चामडं.

मला वाटलं, एवढा मोठा सामना, तिथून थेट पुण्याच्या चमूत जायचं, आणि माझ्या माणसाच्या कमरेला हे वाळलेलं. तीन संध्याकाळी ते शेताकडे गेले की मी वाटीत एरंडेल कोमट करायची आणि बोटांनी आतून बाहेरून जिरवायची. जिरलं की फडक्याने पुसायची. वरून काही दिसत नव्हतं. चौथ्या दिवशी मी स्वतःच ते पंच्यात गुंडाळून त्यांच्या पिशवीत ठेवलं. सांगितलं नाही. जिंकून आले की सांगणार होते.

होल्स्टर कडकच लागतं, घडवलेला आकार त्याने सोडता कामा नये, हे मला ठाऊक नव्हतं. ते घरी या कामाचं बोलत नसत आणि मी विचारत नसे.

पुढचं तुमच्यासमोर घडलं. रात्री सामान तुमच्या ट्रंकेत राहिलं, कारण कुलूप तुमच्याच ट्रंकेला होतं. सकाळी त्यांनी पट्टा बांधला, शिटी वाजली आणि रिव्हॉल्व्हर बाहेर येईना. तुम्ही पहिले आलात. आणि त्यांनी सगळ्या मैदानासमोर तुम्हाला म्हटलं की रतनसिंगाने रात्री तेल ओतलं.

त्या संध्याकाळी ते घरी आले आणि होल्स्टर बाजेवर आपटलं. मी भाकरी थापत होते. ते म्हणाले, “रतनसिंगानं दगा केला वं. तेल घातलं याच्यात.” मी वळून पाहिलं. तोंड दुमडून आत गेलं होतं. मला लगेच कळलं. तेव्हा बोलायचं होतं. मी भाकरी उलटली.

नंतर कळलं की ते चारचौघांत बोलून आलेत. आता मी खरं सांगितलं तर त्यांना त्याच चारचौघांत तुमच्यासमोर मान खाली घालावी लागेल, असं मला वाटलं. त्यांची मान वर राहावी म्हणून मी तुमची जाऊ दिली. दिवस गेले तसं सांगणं जड होत गेलं. मग मला वाचता येऊ लागलं, आणि त्यांच्या वहीतली ती ओळ मी स्वतः लावून वाचली. ‘र. ने तेल घातले.’ त्यानंतर कितीतरी दिवस मी काहीच वाचलं नाही.

तुम्ही त्यानंतर सामना खेळला नाहीत, बदली मागून गेलात, हे ऐकून होते. मुख्यालयात तुम्हाला ‘तेलवाला रतनसिंग’ म्हणतात हेही ऐकून होते. ऐकून गप्प बसले.

माफी मागायला हे लिहिलेलं नाही. ती द्यायची की नाही ते तुमचं. तुम्हाला खरं माहीत असावं म्हणून लिहिलं. वच्छलाला अजून सांगितलेलं नाही. सांगणार आहे.

भागिरथा

*

किन्हीराजा,
ता. २७ नोव्हेंबर १९७७

रतनसिंगभाऊ,

तुमचं उत्तर नाही. बरोबर आहे. तरी सांगणार म्हटलं होतं ते केलं की नाही, हे तुम्हाला कळवलं पाहिजे.

गेल्या रविवारी जऊळक्याहून गाडी धरून अकोल्याला गेले. वच्छलाला मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली बसवलं आणि तुम्हाला लिहिलं तसंच सगळं सांगितलं. तिने कमरेचं होल्स्टर सोडून मांडीवर घेतलं आणि तोंडाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, “म्हंजे बाबा चुकीचं मनात घेऊन मेले.”

“हो.”

“अन् तू बाजूले बसून व्हती.”

“हो.”

मी पिशवीतून वही काढली. येण्याआधी त्या ओळीच्या खाली मी लिहिलं होतं, ‘तेल भागिरथाने घातले. अजाणता. र. चा दोष नाही.’ आणि तारीख घातली होती. तिने वाचलं आणि वही मिटली.

“वहीत लिवून काय व्हते, माय? वही कोन पाह्यते? बाबा त्याले मैदानावर बोलले व्हते, लोकांइच्या समोर. इथं अजून त्याले तेलवाला म्हंतात. परवा एक नवा पोरगा म्हने, ज्याले त्यानं कधी पाह्यलंसुदिक नाही.”

मग उठली आणि बराकीकडे गेली. मला गाडीवर सोडायला आली नाही. त्यानंतर तिचं पत्र नाही. या आठवड्यात महिन्याचं कार्ड यायचं होतं, तेही आलं नाही.

ती बोलली त्यात खोट नाही. मैदानावर गेलेलं मैदानावरच परत करावं लागेल. सामना पंधरा जानेवारीला आहे. मी जाणार आहे.

होल्स्टर तिने ठेवून घेतलं की टाकलं, मला माहीत नाही.

भागिरथा

*

किन्हीराजा,
ता. १८ डिसेंबर १९७७

रतनसिंगभाऊ,

काल वच्छलाचं पत्र आलं. चार पानं. माझी विचारपूस त्यात एका ओळीची, बाकी सगळी तुमची. मला तेवढी ओळही पुष्कळ झाली.

तिने लिहिलं आहे की चार तारखेला ती मैदानावर एकटी काढण्याचा सराव करत होती, तेव्हा मागून एक म्हातारा लाल पागोटंवाला माणूस येऊन उभा राहिला आणि नमस्कार नाही, नाव नाही, एकदम म्हणाला, “तू वढून राह्यली. वढू नोको. आधी सरळ वर येऊ दे त्याले, मंग पुढं.” तिने विचारलं, तुमी कोन? तर म्हणालात, “तेलवाला.”

ती लिहिते, माय, मले जमिनीनं गिळलं असतं तर बरं.

मग तुम्ही तिच्या कमरेचं होल्स्टर सोडून घेतलंत, तोंड दाबून पाहिलंत, वास घेतलात आणि हसायला लागलात म्हणे. “एरंडेलच हाये! अरे बापा! दहा वर्षं मी समजत व्हतो का माह्या ट्रंकेत बंदुकीच्या तेलाची शिशी फुटली.”

हे वाचून मी पत्र खाली ठेवलं. तुम्ही स्वतःलाही दोषी समजत होतात, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. मला वाटायचं, निदान तुम्हाला तरी ठाऊक आहे की तुम्ही काही केलं नाही. तेवढंही मी तुमच्याजवळ राहू दिलं नव्हतं.

मग तुम्ही पिशवीतून फडक्यात बांधलेलं तुमचं होल्स्टर काढलंत. दहा वर्षांत एकदाही न वापरलेलं, तोंड जसंच्या तसं उघडं. तिला बांधायला दिलंत. ती म्हणाली, मी बाबाचं लावणार होते. तुम्ही म्हणालात, “हेही तुह्या बापाचंच समज. कातडं त्यानंच पसंत केलं व्हतं, मी फक्त पैसे देल्ले. मले तं त्यातली अक्कलच नव्हती.” आणि पट्टा दोन भोकं आत घ्यायला लावलात, कारण बाईची कंबर आणि हवालदाराची कंबर सारखी नसते, हे वहीत लिहिलेलं नव्हतं. ती वडिलांच्या भोकात बांधत होती.

दुसऱ्या रविवारी तुम्ही तिला दिवसभर एकही गोळी उडवू दिली नाहीत. नुसतं पळवलंत आणि गुडघा टेकवलात, पळवलंत आणि टेकवलात. ती चिडली तर म्हणालात, “तुहा बाप असाच चिडे. पहिल्या वर्षी मी त्याले लई शिव्या देल्ल्या, त्यानं मले दुप्पट.” ती लिहिते, आता दहातल्या दहा वेळा निघतं.

भाऊ, तुम्ही एवढं केलंत, म्हणून एक राहिलेलं सांगावंच लागेल. ते लपवून तुमचे रविवार घेत राहणं मला जमणार नाही. पुढे यायचं की नाही ते हे वाचून ठरवा.

हवालदार वाशीमच्या दवाखान्यात होते तेव्हा, जाण्याच्या चार दिवस आधी, ते मला म्हणाले होते, “रतनसिंगाले कळव.” कळवायचं का असं विचारलं नाही, कळव म्हणाले. मी हो म्हटलं. दवाखान्याबाहेर पोस्टाची पेटी होती. मला लिहिता येत होतं. मी कार्ड विकत घेतलं आणि तुमचं नाव लिहिलं, आणि मग वाटलं, तुम्ही आलात, दोघं समोरासमोर बसलात, तर तेलाची गोष्ट निघेल. कार्ड टाकलं नाही. ते रोज दाराकडे बघत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “नाही येनार तो. मी बोललोच तसा.”

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की तुमच्याकडून कोणी आलं नाही. कसं येणार होतं? ते कार्ड अजून माझ्या पेटीत आहे. या पत्रासोबत ठेवलं आहे. त्यावर फक्त तुमचं नाव आणि गाव आहे, मागची बाजू कोरी आहे. ते तुमचंच आहे.

भागिरथा

*

किन्हीराजा,
ता. १६ जानेवारी १९७८

रतनसिंगभाऊ,

तुम्ही एक तारखेला आला नाहीत, असं वच्छलाने कळवलं तेव्हा मी समजून चुकले. आठ तारखेला तुम्ही आलात, हे मला वच्छलाने काल सांगितलं. शिकवून झाल्यावर जाताना म्हणालात, “तुह्या मायले सांग, कार्ड भेटलं.” त्यापुढे काही नाही. त्यापुढचं मी विचारणार नाही.

सामन्याला मात्र तुम्ही आला नाहीत. त्या मैदानावर लोकांत उभं राहायचं नाही, असं तुम्ही वच्छलाला म्हणालात. म्हणून काय झालं ते लिहून कळवते.

सकाळी थंडी होती. पाच मुली होत्या. मी दोरीच्या मागे, इतर पोरींच्या आयांबरोबर. वच्छलाच्या कमरेला तुमचं होल्स्टर. वडिलांचं तिने माझ्याकडे दिलं, म्हणाली, “हे धरून बस, तेल नोको लावू.” त्या कडुनिंबाखालच्या दिवसानंतर माझ्याशी ती पहिल्यांदा थट्टेने बोलली. मी ते मांडीवर धरून बसले.

तिचा नंबर चौथा होता. शिटीआधी तिने खांदे खाली टाकले, ते तुम्ही शिकवलेलं असावं, वहीत नाही. शिटी वाजली. मी होल्स्टरकडेच पाहत होते, टार्गेटकडे नाही. हात गेला आणि रिव्हॉल्व्हर बाहेर. होल्स्टर जागचं हललं नाही. मला गोळ्यांचे आवाज नंतर आले असं वाटलं. ती पळाली, गुडघा टेकला, थांबली. इतकी थांबली की माझ्या शेजारची बाई म्हणाली, हिला काय झालं? मग दोन गोळ्या. डाव्या हाताच्या दोनमधली एक पार बाहेर गेली.

दुसरी आली. पहिली आलेली पोरगी अकोटची आहे, तिचा डावा हात फार चांगला. पण नागपूरला चमूत तिघी जाणार आहेत आणि आपली त्यात आहे. वच्छलाला दुसरं आल्याचा राग आला आहे. मला तो राग बघून बरं वाटलं. दहा वर्षांत आमच्या घरात हरण्याचा साधा राग कोणी केला नव्हता.

आता माझं. बक्षिसांआधी मंडपात चहा होता. सगळे जुने बसले होते. पंजाबराव जमादार होते, आता निवृत्त, पाहुणे म्हणून बोलावले होते. त्या वर्षी शिटी त्यांच्याच तोंडात होती. मी समोर जाऊन उभी राहिले. 

“पंजाबरावभाऊ, सदुसष्टच्या सामन्यात शिटी तुमीच वाजवली व्हती ना?”

“वाजवली. काहून, बाई? तुमी कोन?”

“इंद्रभान हवालदाराची बायको. त्या दिवशी त्याइचं रिव्हॉल्व्हर अडकलं. रतनसिंगानं तेल घातलं म्हने. ते तेल मी घातलं व्हतं, घरी. एरंडेल. मोटेले लावतात तसं.”

कोणीतरी हसलं. मग कोणी हसेना. पंजाबरावांनी बशी खाली ठेवली.

“एरंडेल?”

“तीन दिवस. कोमट करून.”

“अन् आमी त्या गड्याले तेलवाला म्हनून राह्यलो!” त्यांनी मागे वळून पाहिलं. मंडप भरला होता. म्हणाले, “बाई, मोठ्यानं सांगा. मांगच्याले आयकू नाही गेलं.”

मी मोठ्याने सांगितलं. नावासकट, तारखेसकट, पुन्हा पहिल्यापासून. तुमचं पूर्ण नाव घेतलं, रतनसिंग राठोड, नाईक शिपाई, आणि म्हटलं की त्या दिवशी हा माणूस सरळ नेम धरून जिंकला होता. मी बोलत असताना वच्छला गर्दीतून येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. तिने माझ्या हातातलं वडिलांचं होल्स्टर घेतलं आणि लोकांना तोंड दिसेल असं वर धरलं.

ज्या नव्या पोराने तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं तोही तिथे होता. त्याने ऐकलं.

पंजाबराव जाताना म्हणाले, रतनसिंगाला सांगा, नागपूरला पोरींबरोबर जायला माणूस लागेल, साहेबांना मी विचारतो. हा त्यांचा निरोप. तुम्हाला जायचं असेल तर जा. नसेल तर मी काही म्हणणार नाही.

वच्छला माझ्याबरोबर घरी आली आहे, दोन दिवसांची सुटी आहे. आत्ता अंगणात लाकडी रिव्हॉल्व्हर डाव्या हातात धरून उभी आहे. लिलाबाई कुंपणावरून विचारते आहे, “आता उलट्या हातानं कोनाले मारतं वं?”

तुमचं होल्स्टर टपालाने पाठवत नाही. दाराशेजारच्या खुंटीवर टांगलं आहे, हवालदारांच्या बाजूला. एक तोंड उघडं, एक मिटलेलं. कोणी विचारलं तर मी दोन्हींची गोष्ट सांगते. तुम्हाला आपलं न्यायचं असेल तर येऊन न्या. जऊळक्यापर्यंत गाडी आहे, तिथून वच्छला घ्यायला येईल. नानीबाईंनाही आणा. त्यांचे गुडघे दुखतात असं तुम्ही वच्छलाला बोलला होतात. एरंडेलाची बाटली घरात अजून आहे, त्यासाठी ती चांगली.

तुमच्या होल्स्टरला मी हात लावलेला नाही.

भागिरथा